मक्षिकास्थाने मत्स्य

'मक्षिकास्थाने मक्षिका' असा एक वाक्प्रयोग मराठीत रूढ आहे. मूळ पोथीच्या पानावर एक माशी चिरडून बसलेली होती. नक्कल करणाऱ्याने इमानेइतबारे आपल्या प्रतीतही त्याच जागी एक माशी मारून चिकटवली, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. उत्तरपत्रिका तपासताना हा प्रयोग मला वर्षातून दोनदा तरी आठवतो, कारण मार्गदर्शिकेतले मुद्रणदोषही आमचे विद्यार्थी त्याच निष्ठेने उतरवत असतात. गेली काही वर्षे मात्र तो आठवण्याचे आणखी एक कारण घडले आहे. मी माश्या बांधतो.

हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये प्रथम उच्चारले तेव्हा जी शांतता पसरली ती वाचकांपैकी काहींच्या मनात आता पसरली असेल, म्हणून खुलासा करणे भाग आहे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी न लावता पिसे, केस आणि दोरा यांपासून केलेले खोटे भक्ष्य लावून मासे धरण्याचा एक प्रकार आहे. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. युरोपातल्या थंड ओढ्यांत ट्राउट मासा पाण्यावर उतरणारे किडे खातो. त्या किड्यांची नक्कल करण्यापासून ही विद्या सुरू झाली, म्हणून त्या वस्तूला माशी हे नाव पडले. पुढे ही विद्या समुद्रावर गेली. समुद्रातला मोठा मासा किडे खात नाही, तो लहान मासे खातो. तेव्हा गळावर किड्याऐवजी तारली, पेडवे, बोयीचे पिल्लू यांच्यासारखे काहीतरी बांधावे लागले. नाव मात्र माशी हेच राहिले. आपल्या भाषेत मासा हा मत्स्याचा वंशज आणि माशी ही मक्षिकेची, म्हणजे दोघांचे गोत्र वेगळे. पण इथे माशीच्या नावाने चक्क मासाच नांदतो. भाषेच्या अभ्यासकाला एवढे आमिष पुरेसे असते.

दुसरा खुलासा भूगोलाचा. मी जालना जिल्ह्यात राहतो. आम्हाला जवळचा समुद्र म्हणजे मुंबईचा, आणि तोही चारेकशे किलोमीटरांवर. बियाणे आणि लोखंडी सळ्या यांच्यासाठी आमचे गाव ओळखले जाते. आणि पाण्यासाठी ओळखले जाते ते पाणी नसल्यामुळे. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या लोकांनी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जे दिवस काढले ते काढणाऱ्यांनाच ठाऊक. अशा ठिकाणी बसून खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी माश्या बांधणे हे वाळवंटात होडीला डांबर लावण्यासारखे आहे, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

विद्यापीठात माझ्याबरोबर एम. ए. झालेला एक मित्र सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या अंगाने तो सुट्टीत गरवत बसतो. गरी म्हणजे गळ, आणि गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे. घाटावरच्या मराठीला हे क्रियापद ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. आमच्याकडे 'गळ घालणे' आहे, पण ते माणसाला घालायचे असते. तर या मित्राच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने त्याला परदेशातून एक फ्लाय रॉड आणून दिला. त्याबरोबर आलेल्या सहा माश्या पहिल्या पावसाळ्यातच खडकांना अर्पण झाल्या. विकत घ्यायच्या तर एकेकीला दोन-तीनशे रुपये. मित्राने मला फोटो पाठवले आणि विचारले, तुमच्याकडे पोळ्याचे गोंडे करतात ना, मग हे करून पाहशील का?

प्रश्न गमतीने विचारला होता, पण नेमका होता. माझे वडील आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. शेती होती तोपर्यंत पोळ्याच्या आधी महिनाभर ते ओसरीवर बैलांचा साज करत बसत. मोरक्या, कासरे, दावी, आसुडाच्या वाद्या, आणि गोंडे. घायपाताचा वाख ते स्वतः भिजवून कुटत. आता गावात बैलच मोजके राहिले. पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतात, आणि ज्यांच्याकडे बैल आहेत ते बाजारातून नायलॉनचे झगझगीत गोंडे आणतात. वडिलांची बोटे मात्र अजून कशाला तरी विळखे घालायला शोधत असतात. वर्तमानपत्राची सुरळी असली तरी चालते.

आता कृती. ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण या साऱ्या उद्योगात माझा जीव तिथेच रमतो.

समुद्रातल्या लहान माशाची नक्कल करणाऱ्या ज्या साध्या माश्या आहेत, त्यांतल्या दोन जगभर प्रसिद्ध आहेत. एक लेफ्टी क्रे या अमेरिकन गृहस्थांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या पट्टेरी बास माशासाठी बांधली. तिला 'डिसीव्हर' म्हणतात, म्हणजे फसवणारी. मी वहीत तिचे नाव 'मोहिनी' असे लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ मध्ये तिचे तिकीट काढले. दुसरी बॉब क्लाउझर यांची, १९८० च्या दशकातली. मूळची पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतली, म्हणजे गोड्या पाण्यातली; पण समुद्राने ती आनंदाने दत्तक घेतली.

क्लाउझरची माशी शिकणाऱ्याला सोपी. गळ लहानशा वाईसमध्ये दांडी आडवी राहील असा धरायचा. नेढ्याच्या किंचित मागे दोऱ्याचे दाट विळखे घालून पाया करायचा, नाहीतर पुढचे सगळे गुळगुळीत लोखंडावरून फिरत राहते. त्या पायावर दोन डोळे आडव्या-तिडव्या फुलीने बांधायचे. हे डोळे मूळ कृतीत शिशाच्या डंबेलसारखे असतात. मी वॉश-बेसिनच्या बुचाला असते तसली मण्यांची साखळी आणतो आणि दोन-दोन मणी तोडून घेतो. ज्या अंगाला डोळे, त्याच अंगाला पोटाचे पांढरे केस बांधायचे. मग गळ उलटा करून, टोकाच्या अंगाला चकाकीचे दोन-चार धागे आणि त्यावर पाठीचे गडद केस. सगळी लांबी गळाच्या दांडीच्या अडीच-तीन पट. पाण्यात पडताच डोळ्यांच्या वजनाने माशी पालथी होते, गळाचे टोक वर येते, आणि म्हणून ती तळाच्या खडकांत आणि कालवांत सहसा अडकत नाही. एका साखळीच्या दोन मण्यांनी इतकी कामे करावीत, हे पाहून मला अजूनही बरे वाटते.

मूळ कृतीत केस असतात ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे. आपल्याकडे मराठवाड्याच्या रानात काळविटांचे कळप पिकांतून उड्या मारत जातात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचा केससुद्धा घरी आणता येत नाही, आणि आणू नये. तोच कायदा सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्यालाही लागू आहे. या कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट ठिपके असतात. माशीच्या गालावर ते पीस बसवले की हुबेहूब डोळा दिसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात सामन माशांच्या शौकिनांसाठी ही पिसे हिंदुस्थानातून विलायतेला जात. इंग्लंडातल्या एखाद्या लॉर्डाच्या गळावर आमच्या घाटातला कोंबडा डोळे उघडे ठेवून बसलेला असे. असो.

माझ्याकडे उस्मानाबादी शेळी आहे, म्हणजे शेजाऱ्यांकडे आहे. तिच्या शेपटीचे केस लांब आणि मऊ. हरणाचे केस बांधले की फुलतात, शेळीचे फुलत नाहीत. पण पाण्यात ते जास्त सुळसुळतात. अडचण एवढीच की ही शेळी बहुधा काळी. पांढऱ्या केसांसाठी मला दोन गावे पलीकडे जावे लागले. मोहिनीला शेपटी म्हणून कोंबड्याच्या पाठीची लांब पिसे लागतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन, आत वळलेली. ती चिकनच्या दुकानातून. चकाकीसाठी जर. आमच्याकडून पैठण फार दूर नाही, आणि विणकराकडे तुटकी जर मिळते. परंतु खऱ्या चांदीची जर खाऱ्या पाण्यात काळवंडते, तेव्हा या कामापुरती नकली प्लॅस्टिकचीच श्रेष्ठ. मोहिनीच्या डोळ्यांसाठी पत्नीच्या टिकल्या, आणि डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. हे साहित्य गोळा करताना माझ्याकडे ज्या नजरांनी पाहिले गेले, त्यावर स्वतंत्र लेख होईल.

सर्वांत कठीण गोष्ट कोणती, तर कमी बांधणे. केसांची चिमूट आगकाडीच्या जाडीची असावी. नवशिक्याचा हात तेवढ्यावर थांबत नाही. कोरडी माशी डोळ्यांना भरगच्च दिसावी असे त्याला वाटते. पण दाट माशी पाण्यात ओल्या कुंच्यासारखी एकसंध होते. विरळ माशीतून उजेड आरपार जातो, केस सुटे हलतात, आणि मधल्या रिकाम्या जागेत मासा तयार होतो. कवितेच्या तासाला जे मी वीस वर्षे बडबडत आलो, ते मला या चिमटीने तीन महिन्यांत शिकवले.

शेवटची गाठ आली तेव्हा मी अडलो. दोऱ्याचे टोक त्याच्याच पाच-सहा विळख्यांखालून ओढून घ्यायचे असते, म्हणजे गाठ दिसत नाही आणि सुटत नाही. चित्रे पाहून जमेना. वडील शेजारी बसून बघत होते. त्यांनी खराट्याची एक काडी घेतली, तिच्यावर दोरा धरला, आणि गोंड्याची मान बांधतात तसा बांधून दाखवला. तीच गाठ. पेनसिल्व्हेनियात आणि आमच्या ओसरीवर एकच. दोऱ्याला आपले टोक लपवायचे असेल तर त्याच्यापुढे फारसे पर्याय नसावेत. एक गोष्ट माझ्या लक्षात आली: त्यांनी ते काडीवर करून दाखवले. गळाला त्यांनी हात लावला नाही. माळ घातलेला माणूस. आमच्या घरी मासळी कधी शिजली नाही.

फेकण्याबद्दल थोडक्यात. साध्या गळाला वजन असते आणि ते गोफणीतल्या दगडासारखे दोरीला ओढून नेते. माशीला वजनच नसते. इथे दोरी जड असते आणि ती आसुडासारखी हवेत उलगडत जाते. टोकाची माशी केवळ तिच्याबरोबर जाते. शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट समजायला वेळ लागत नाही. मित्राकडे गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझी दोरी त्याच्यापेक्षा सरळ पडली. मासा मात्र त्यालाच लागला.

ती माशी पाण्यात कशी दिसते, हे तेव्हा प्रथम पाहिले. ओहोटीचे पाणी खारफुटीतून उतरत होते. मित्र हाताने दोरी थोडी ओढे, थांबे, पुन्हा ओढे. माझी शेळीच्या केसांची चिमूट थांबली की नाक खाली करून बुडे, ओढली की दचकून वर येई. जवळून पाहिले तर तिला खवले नव्हते, पर नव्हते, तोंड नव्हते. आणि तरी ती मासा होती. दुखावलेला, कळपापासून सुटलेला, घाबरलेला लहान मासा. खालून एक जिताडा आला. त्याला गोव्यात चोणक म्हणतात. हा मासा चावत नाही. जबडा एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, आणि त्याचा 'टप्प' असा आवाज होतो. तो आवाज मी विसरू शकत नाही.

साहित्यशास्त्राच्या पेपरात आम्ही श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय शिकवतो. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा आहे' असे आपण म्हणतो. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, आणि 'घोड्यासारखे काहीतरी' असे सादृश्याचेही नव्हे. नटाला राम मानणाऱ्या प्रेक्षकाचे ज्ञान या जातीचे. पुढे अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी नाट्य म्हणजे अनुकरण ही कल्पनाच खोडून काढली. विद्यार्थी या वादातल्या दोन्ही बाजू पाठ करतात आणि विसरतात. मी आता वर्गात एक मोहिनी आणि एक क्लाउझर घेऊन जातो; गळाचे टोक कापून टाकलेली. फळ्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवतो, आणि विचारतो की यात मासा कुठे आहे. भट्टतौतांचे म्हणणे मुलांना त्या ग्लासात दिसते असा माझा अनुभव आहे. जे मूळ वस्तूशी कमीत कमी जुळते तेच सर्वांत जास्त पटते. बाजारात रबराचे हुबेहूब मासे मिळतात, खवल्यांसकट. ते 'मक्षिकास्थाने मक्षिका'. पिसांची माशी ध्वनीच्या मार्गाने जाते.

खोट्या माशीचा एक फार जुना उल्लेख एलियन या रोमन लेखकाचा आहे, इ. स. २०० च्या सुमाराचा. मॅसिडोनियातल्या एका नदीत ठिपकेदार मासे एक विशिष्ट माशी खातात. पण माणसाचा हात लागला की त्या माशीचा रंग उडतो, पंख झडतात आणि मासे तिला शिवत नाहीत. म्हणून तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि वर कोंबड्याची दोन पिसे लावतात, असे तो लिहितो. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. खरी वस्तू हात लागताच मरते, म्हणून घडवावी लागते. कोणत्याही लेखकाने याहून निराळे कारण दिल्याचे मला आठवत नाही.

इथपर्यंत सगळे सुखाचे होते. रूपक जुळत होते, आणि रूपक जुळू लागले की मराठीचा प्राध्यापक सैल होतो. अडचण 'मानसोल्लास' वाचताना सुरू झाली.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आताचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आमचा मुलूखही तेव्हा त्याच राज्याखाली. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ एकाच कारणासाठी माहीत असतो: त्यातल्या गीताच्या प्रकरणात काही ओळी मराठी आहेत, आणि त्या आपल्या भाषेच्या फार जुन्या नमुन्यांत मोडतात. परीक्षेला दोन गुण. त्या ओळी दशावतारांच्या स्तुतीच्या आहेत, आणि त्यात मत्स्यरूपाने रसातळातून वेद वर आणणाऱ्या विष्णूचे वर्णन आहे. म्हणजे आपली भाषा ग्रंथात उतरली तेव्हा तिच्या तोंडी मासा होता. हे मी दर वर्षी उत्साहाने सांगत असे. मला ठाऊक नव्हते ते असे, की त्याच ग्रंथात, राजाच्या वीस विनोदांत, मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कोणाला काय चारावे, दोर कशाचा वळावा, काठी कशी असावी, गळ कसा टाकावा. एका राजाने माशांच्या आवडीनिवडी इतक्या बारकाईने टिपाव्यात याचे कौतुक वाटते. एकाच ग्रंथात मासा वेद तारतो आणि गळालाही लागतो, आणि ग्रंथकाराला त्यात काही विसंगत वाटत नाही.

मला वाटली ती त्या शब्दापाशी. विनोद. संस्कृतात विनोद म्हणजे मन रमवणे, वेळ घालवणे. हास्य हा अर्थ आपण मराठीत त्याला चिकटवला. राजाचा मत्स्यविनोद आणि माझा छंद यांत, संपत्तीचा फरक सोडला तर, काही अंतर आहे का? माझा मित्र मासा धरतो, त्याचा फोटो काढतो आणि पाण्यात सोडून देतो. जगभरचे फ्लायवाले असेच करतात आणि त्याला सुसंस्कृतपणा मानतात. मीही मानत होतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, गोदाकाठच्या गावातला, भोई समाजातला. एम. ए., नेट झालेला. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो आणि उरलेल्या वेळात वडिलांबरोबर पाण्यावर असतो. त्याला मी कौतुकाने माश्या दाखवल्या. त्याने एक काळी मोहिनी उचलली, तळहातावर फिरवली आणि म्हणाला, "सर, मरळीला बेडकी लागती. हे केस ती कशाला खाईल?" मी म्हटले, पाहू. श्रावण होता. दुसऱ्या रविवारी आम्ही पाण्यावर गेलो. काळा केस संध्याकाळच्या उजेडात पाण्याखालून स्पष्ट आकृतीसारखा दिसतो, हे मी वाचले होते. पानवेलींच्या कडेने माशी तिसऱ्यांदा ओढली आणि पाणी फुटले. मरळ होती, हातभर. मला वाटले, आता हा माझ्या कलेची तारीफ करील.

तो पाण्याकडे बघत होता. जिथून मरळ आली तिथे पृष्ठभागावर तांबूस बुडबुड्यांचा एक गोल पुंजका हलत होता. "पिल्लावर होती सर," तो म्हणाला. "भुकेनं नाही धरलं तिनं. पिल्लाजवळ काही आलं म्हणून धरलं." मरळीची जोडी पिलांची राखण करते आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते, हे जीवशास्त्राच्या पुस्तकातही आहे. त्याच्या वडिलांचा नियम असा की पिल्लावरची मरळ धरायची नाही, पोट रिकामे असले तरी. आम्ही तिला ताबडतोब सोडले. ती पुंजक्याखाली परतली. घरी जाताना त्याने विचारले, आणि त्यात आरोप नव्हता, खरोखरचे कुतूहल होते: "सर, खायचं नसंल तर धरायचं कशाला?"

मी त्याला बरेच काही सांगितले. सोडल्यामुळे मासे टिकतात, हे खरे आहे. ओल्या हाताने धरले आणि पटकन सोडले तर बहुतेक मासे जगतात, हेही खरे आहे. पण २००३ मध्ये लिन स्नेडन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाखवून दिली, तेव्हापासून माशाला काही कळत नाही ही जुनी सबब पहिल्यासारखी सोपी राहिलेली नाही. त्यावर वाद चालू आहे. चित्रातला घोडा पाहणारा प्रेक्षक घरी जाऊन जेवतो. माझ्या 'वाचका'च्या ओठातून लोखंड आरपार जाते. माझे रूपक इथे मोडते, आणि ते पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. ग्लासाचा प्रयोग वर्गात अजून करतो. पण टोक कापलेला गळ मुलांना मुद्दाम दाखवतो आणि हे टोक का कापले ते सांगतो. त्या तासाला प्रश्न जास्त येतात.

माश्या बांधणे मात्र मी थांबवलेले नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे काढताना फाटत नाही. काळ्या माश्या आषाढ ते भाद्रपद कोणाला देत नाही. याने प्रश्न सुटतो असे नाही.

गेल्या पावसाळ्यात यांत्रिक बोटींची दोन महिन्यांची बंदी उठली त्या सुमारास मित्राने बारा माश्या मागवल्या. सहा पाठवल्या होत्या, सहा बाकी होत्या. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. वडील समोर दोरा सोडवत बसले होते, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. जिताडा लागला होता, पाच किलोंच्या आसपास. वडील गेली दोन वर्षे मला एकच प्रश्न विचारत होते: "त्याला लागत असंल का रे?" या वेळी त्यांनी तो विचारला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मग काय केलं त्याचं? सोडला?"

"नाही, या वेळी खाल्ला. घरी पाहुणे होते."

माळकरी माणसाला काय वाटेल या विचाराने मी जरा चाचरलोच होतो. त्यांनी दोऱ्यातला गुंता काढला, टोक जिभेवर ओले केले.

"बरं झालं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गोंडा निघाला का शाबूत?"

निघाला होता. फक्त एका बाजूची टिकली गेली होती.